वाया गेलेल्या कामाचा हिशेब

निमकर सरांची आणि माझी पहिली भेट जयपूरच्या सांख्यिकी कार्यालयात झाली. मी नागपूरहून बदलून आलेली, सोबत दोन ट्रंका आणि नको इतका आत्मविश्वास. सर विभागप्रमुख होते. त्यांनी आधी डबा आणलाय का ते विचारलं, आणि नाही म्हटल्यावर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "चला, झोटवाड्याला कारखाने बघायला जायचंय."

आमचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. कारखान्यानं यंत्र घेतलं की ती गुंतवणूक, हे कुणालाही कळतं. पण काही नवं शोधण्यात घातलेला पैसा? त्याचाही उपयोग पुढे वर्षानुवर्षं होतो, म्हणून देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात आता तोही गुंतवणूकच धरतात. मोठ्या कंपन्यांकडून आकडे मिळतात. लहान कारखान्यांकडून मात्र सर्रास शून्य यायचं. वरून सूचना आली, की लहानांना वगळा. सरांना ते पटत नव्हतं.

झोटवाड्यात रत्नांना पॉलिश करायची यंत्रं बनवणारे एक शर्माजी होते. मी तोऱ्यात विचारलं, "रिसर्च पर कितना खर्चा हुआ?" ते म्हणाले, "मॅडमजी, यहाँ रिसर्च-विसर्च नहीं होता, यहाँ काम होता है." मी शून्य मांडायला लागले. सरांनी मला थांबवलं, चहा घेतला आणि विचारलं, "पिछले साल क्या-क्या बिगड़ा?" मग काय, शर्माजी सुटलेच. कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून तीन यंत्रं निघाली. कमी पाण्यावर चालावीत म्हणून बनवलेली, आणि एकही न चाललेली. "सब बेकार गया, साहब." सर म्हणाले, "बेकार नहीं गया. ये भी लिखेंगे." फसलेलं संशोधनही गुंतवणुकीतच धरायचं असतं, कारण करताना काय जमेल ते कुणालाच ठाऊक नसतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक कारखान्यात हाच प्रश्न विचारू लागलो.

अशी बरीच वर्षं घालून सरांनी लहान कारखान्यांच्या संशोधनाचा अंदाज बांधला. आकडे तपासणाऱ्या वरच्या समितीनं तो फेटाळला. सरांनी कुणालाही दोष दिला नाही. त्याच सुमारास माझे यजमान आजारी पडले, तर सर आणि त्यांच्या पत्नी नीलाताई आलटूनपालटून इस्पितळात बसत होते. पुढे सर निवृत्त झाले आणि जयपूरलाच राहिले.

यंदा सरांना पंच्याहत्तरावं लागलं. आम्ही जुन्या सहकाऱ्यांनी या गौरवग्रंथाचा विषय काढला, तर त्यांनी साफ नकार दिला. मी शास्त्रीनगरच्या त्यांच्या घरी भांडायला गेले. "अगं, माझं काम नापास झालं. गौरव कसला करता?" हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला रडू आलं, आणि रागही. म्हटलं, "सर, शर्माजींची तिन्ही यंत्रं धरलीत ना? मग स्वतःचीच वर्षं का वगळता?" सर चष्मा काढून पुसत बसले. आतून नीलाताई म्हणाल्या, "आता बोला की!" शेवटी सर म्हणाले, "बरं. पण कुठे चुकलं, तेही छापायचं."

तर छापते. कुठल्याही धंद्यातलं नवं ज्ञान सारखीच वर्षं उपयोगी पडतं, असं सरांनी धरलं होतं. लहान कारखान्यात ते एखाद्या कारागिराच्या हातात असतं. तो दुसरीकडे गेला की तेही जातं. त्यामुळे अंदाज फुगला. समितीचं बरोबर होतं, हे सर स्वतःच सांगतात. आता ते रोज सकाळी हीच मांडणी नव्यानं करत बसतात, आणि अडलं की मला फोन करतात.

सर, या खेपेला तरी ते जुळेल का, मला खरंच सांगता येत नाही. न जुळलं तरी आमची तक्रार नाही. तुमची तब्येत ठणठणीत राहो, नीलाताईंची साथ राहो, आणि शंभरी ओलांडेपर्यंत तुम्ही असेच चुकत राहा.