राणीछाप रुपयाचं साल

निवृत्त झाल्यापासून आमच्या ह्यांना जुन्या नाण्यांवरची चुकीची सालं शोधायचा नाद लागलाय. टाकसाळीत जुन्याच ठशावर नवा आकडा ठोकला की खालचा आकडा थोडा डोकावत राहतो, आणि असं नाणं फार दुर्मिळ असतं म्हणे. बारामतीच्या सराफांनी ह्यांचा धसकाच घेतलाय. हे भिंग काढून तासभर चांदीचे रुपये उलटेपालटे करतात, आणि शेवटी चहा पिऊन रिकाम्या हाताने घरी येतात. डाळीतला खडा मात्र ह्यांना अजून दिसलेला नाही.

इंदापूरला ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, असतात. परवा त्यांच्या नातसुनेने देवघराचा फोटो पाठवला. फोटोत बाळकृष्णाशेजारी एक राणीछाप रुपया होता. ह्यांनी फोटो बोटांनी ताणून ताणून मोठा केला आणि ओरडलेच, "सातच्या मागं दुसरा आकडा आहे!" मला तिथं नुसता डाग दिसला. तसं बोलले, तर म्हणाले, "तुला नजर नाही."

लगेच फोन लावला. "आक्का, तो रुपया जपून ठेव. उद्या येतो. साल मात्र स्वच्छ दिसलं पाहिजे."

रात्रभर ह्यांना झोप नाही. आयुष्यात एक तरी शोध आपल्या नावावर लागावा एवढंच ह्यांचं मागणं, आणि मी कितीही चेष्टा केली तरी मलाही मनातून तेच हवं होतं. सकाळच्या एस्टीत भिंग खिशात, खिशावर हात. कुणी भिंग चोरून काय करणार होतं कोण जाणे.

वन्संनी आम्ही चपला काढायच्या आतच वाटी पुढे केली. रुपया चकचकत होता. "चिंच नि राख लावून चांगला घासला बघ. आता तुला साल लांबनं दिसंल."

हे तिथेच खाली बसले. भिंग लावलं, उजेडाकडे वळले, पुन्हा लावलं. साधा, सरळ सात. मागे काहीच नाही. माझ्या जिभेवर टोमणा तयारच होता, पण ह्यांचा चेहरा बघून गिळला.

"आक्का, ह्या सातला काहीतरी चिकटलं होतं. काय होतं गं ते?"

"कुकू हुतं की. आईनं शेवटच्या लक्ष्मीपूजनाला लावल्यालं. बाकीची चांदी मी दर दिवाळीला घासती, पर ह्यो रुपया कधीच घासला न्हाय. वरनं नुसतं फूल वाहायची." वन्संनी पदराने हात पुसले. "तू म्हनलास साल दिसाय पायजे. म्हनून काल घासला."

ह्यांनी पुन्हा भिंग उचललं. आता साल बघत नव्हते. राणीच्या मुकुटाच्या खाचा, केसांच्या वळ्या, नाण्याची कड, सगळीकडे कुठे लाल कण राहिलाय का ते शोधत होते. इतकं मन लावून ह्यांनी कुठलंच नाणं तपासलेलं मी पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. पण वन्संनी काम चोख केलं होतं. चिंचेने काहीच मागे ठेवलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे रं," वन्सं म्हणाल्या. "मलाबी घासताना कसंतरीच झालं. पर तू कवा न्हाय ते कायतरी मागितलं हुतंस."

त्यांनी उठून कुंकवाचा करंडा आणला आणि भावापुढे धरला. "आता तू लाव. मी लावलं तर परत घासायला हात जाईल माझा."

ह्यांनी भिंग बाजूला ठेवलं, कुंकवात बोट बुडवलं आणि नेमकं सालावरच टेकवलं. आकडा पार झाकून गेला.

येताना एस्टीत भिंगाची आठवण मलाच झाली. ते वन्संच्या देवघरातच राहिलं होतं. "परत जाऊन आणायचं का?" विचारलं, तर हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू दे."