काकांची गोठलेली जमीन

आमचे काका ज्याच्यावर कधी चिडले नाहीत, असा माणूस उत्तर ध्रुवापर्यंत शोधूनही सापडला नसता. आणि मी त्यांना भेटलो ते जवळपास तिथेच. नात्यानं माझे कुणी नव्हेत. मूळचे नागपूरचे, घर टेक्ससात शुगर लँडला, हुद्दा इंजिनिअरचा. ऐंशीच्या दशकात अलास्काच्या पार उत्तरेला, तेलाच्या कॅम्पवर, आठवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनीच स्वयंपाकघरात चिकटवलं. त्यांचे उपकार आणि त्यांची धास्ती, दोन्ही घेऊन मी वावरायचो.

तिथली जमीन आतून कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचं वीतभर शेवाळ काय ते जागं होतं. त्यावरून एकदा ट्रक गेला की पडलेला चर वर्षानुवर्षं बुजत नाही. म्हणून खडीच्या रस्त्यावरून खाली कुणी उतरायचं नाही, यावर काकांचा पहारा. एका ड्रायव्हरनं वळताना चाक खाली घातलं, तर काका ट्रकपुढे चक्क आडवे झाले. "अबे, आईच्या पाठीवरून ड्राइव्ह करशील का?" तो धिप्पाड टेक्ससवाला अस्सल नागपुरी शिव्या खात मुकाट रिव्हर्स गेला. काकांची स्वतःची टोपी उडून शेवाळावर पडली, तेव्हा त्या थंडीत तीन दिवस बोडक्यानं हिंडले, पण पाय खाली ठेवला नाही.

अशा माणसाच्या नाकाखाली मी रोज जेवणाआधी कोल्ह्याला घास घालत होतो. घरी आई गाईला घालायची; इथे गाय कुठून आणू? दुसऱ्या उन्हाळ्यात कोल्हे चार झाले, आणि काकांनी मला पोळीसकट पकडलं.

"पुण्य कमावतोस? अरे, आयतं खाऊन हे हिवाळ्यात जगतात, आणि उन्हाळ्यात रानहंसांची अंडी फस्त करतात! रिपोर्ट लिहिलाय. कर सही."

जनावरांना खाऊ घालणाऱ्याची नोकरी जायची, असा कॅम्पचा नियम. माझ्या पगारावर घरची चूल होती. तरी सही केली. कागद घेऊन काका मॅनेजरच्या खोलीत घुसले आणि त्यांचा आवाज जेवणघरापर्यंत आला, "त्याला कामावर आणला मी, शिकवलं नाही मी! काढायचं तर आधी मला काढा!"

नोकरी राहिली. बाहेर आल्यावर तसेच धुमसत त्यांनी मला मनगट धरून रस्त्याच्या कडेला नेलं आणि दुर्बीण हातात कोंबली. समोर शेवाळात एक हंसी घरट्यावर बसली होती. भोवती फुटकी कवचं. ती अंग हलवायला जरा उठली, तर खाली एकही अंडं नव्हतं.

मी शिव्यांची वाट पाहत राहिलो.

"बसेल अजून एक-दोन दिवस," काका हळूच म्हणाले. "तिला अजून कळलं नाही रे."