झाडीतून कोण आलं?

आता स्वतःच्या तोंडाने कसं सांगू? पण आमच्या पोशीर गावात 'काय वाचू गं?' असं कुणी विचारलं, की बोट माझ्याच घराकडे वळतं. मला याचा केवढा अभिमान! आणि त्यानेच माझी फजिती केली.

गेल्या संक्रांतीला मी ठरवलं, वाण म्हणून पुस्तक लुटायचं. सासूबाई म्हणाल्या, "वाट्या लूट गं. वाटी कुनालाबी लागते."

"आई, वाट्या सगळ्याच देतात!" मी तोऱ्यात म्हटलं.

कर्जतच्या प्रदर्शनात एक कादंबरी मिळाली होती. घनदाट जंगल, उमदा वनरक्षक, अस्वलांचा अभ्यास करायला आलेली मुलगी, मागे शिकारी, पुढे पूर! अर्धी मी एका बैठकीत वाचली. उरलेली? अहो, शितावरून भात कळतो! स्वस्तातला गठ्ठाच उचलला.

हळदीकुंकवाला प्रत्येकीच्या हातात पुस्तक ठेवलं आणि वर भाषण ठोकलं, "डोळे मिटून वाचा! शेवट तर विसरणार नाही!"

दोन-चार दिवसांत शेजारची सुरेखा धावत आली. "वैनी, ह्ये झाडीतच संपलं की गं! दोघं पुरात दोर धरून उभी, 'तेवढ्यात झाडीतून', आनि लगेच पुठ्ठा!"

मी हळूच माझी प्रत पाहिली. तीही पुठ्ठ्यालाच धडकली. गठ्ठा स्वस्त का होता, ते तेव्हा कळलं.

खरं सांगायला हवं होतं ना? पण न वाचताच पुस्तक वाटलं हे गावभर झालं असतं, तर सासूबाईंपुढे माझं नाक उरलं असतं का?

"तुझंच फाटकं निघालं वाटतं," मी म्हटलं. "अगं, झाडीतून अस्वल येतं, दोघांना पाठीवर घेऊन नदी पार करतं. मग लग्न!"

सुरेखा खूश. मग गिरणीत मंदाकाकूंनी गाठलं. त्यांना रडायला आवडतं, म्हणून झाडीतून गोळी आणली आणि वनरक्षकाला मारलं. काकूंनी पदराने डोळे पुसले. काय सांगू, ऊर भरून आला माझा! मग काय, कुणासाठी झाडीतून मुलीचा बाप आला, कुणासाठी वनरक्षकाची पहिली बायको!

रथसप्तमीला सुरेखाकडे हळदीकुंकू. सगळ्या एकाच सतरंजीवर! हे मला आधी का नाही सुचलं?

"काय गुणाचं अस्वल गं त्ये!" सुरेखा म्हणाली.

"कसलं अस्वल? गोळी लागून मेला ना त्यो!" मंदाकाकू.

"मरंल कसा? बायको न्यायला आली त्याला!" तिसरी.

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी तिळगुळाचा अख्खा लाडू तोंडात कोंबला.

"तिला काय इचारता?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या पुस्तकातली खूण अजून मधल्या पानावरच हाय. सूनबाय, पुढल्या सालाला वाट्याच आन. वाटीला शेवट लागत नाय."

यंदा मी निमूट स्टीलच्या वाट्या आणल्या. मंदाकाकूंनी वाटी घेतली, उलटी केली, खालून बोटाने ठोकली.

"बूड हाय ना गं हिला?"