माथ्याच्या अलीकडे

डोंगरावर माणसं नेणारे वाटाडे पुष्कळ असतात. पण वर पोचायच्या आत त्यांना खाली घेऊन येण्यात आमच्या हिच्या मामांचा हात धरील असा माणूस उभ्या सह्याद्रीत झाला नाही. मामा मोरिवलीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. लेथवरून उतरलेला एकेक तुकडा मायक्रोमीटरमध्ये धरायचा आणि केसाएवढा फरक निघाला की बाजूला सारून म्हणायचं, "रिजेक्ट." आठवडाभर हे करून माणसाचा हात शिवशिवायचा थांबत नसावा. कारण सुट्टीच्या दिवशी ताहुलीच्या डोंगरावर माणसं न्यायची, तर तिथंही हेच. पायथ्याच्या ठाकूरवाडीत सगळ्यांना ओळीनं उभं करायचे, बूट बघायचे, नखं बघायचे, डोळ्यांत डोकवायचे, आणि दहातल्या तिघांना तिथूनच घरी. उरलेल्यांपैकी निम्मे अर्ध्या वाटेवरून परत. एवढं करून लोक त्यांच्याकडेच का यायचे, हे मला ऐंशी सालापासून पडलेलं कोडं आहे.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले एक सिंधी कापडवाले एकदा आले होते, पांढरेशुभ्र बूट घालून. मामांनी वाकून बुटाचा तळ बघितला. "साईं, जूता नया है. रिजेक्ट." शेट तापले. "अरे भाऊ, पुराना पहनके कोई आता है क्या?" मामा शांतपणे म्हणाले, "नया जूता पहाड पे काटता है. घर में पहनके घूमो, अगले हफ्ते आओ." शेट खरंच आठवडाभर दुकानात ते बूट घालून हिंडले आणि पुढच्या खेपेला आले. मग मरेपर्यंत मामांचे भक्त! मला मात्र मामांनी एकंदर पाच वेळा परत पाठवलं. एकदा जांभई दिली म्हणून, एकदा पाण्याची बाटली अर्धी होती म्हणून, आणि एकदा, "घरी भांडून आलायस. पाय इथं आणि डोकं तिथं. जा, आधी मिटवून ये." भांडण खरं होतं, पण त्यांना कळलं कसं? भाचीनं आदल्या दिवशी मामाकडे गाऱ्हाणं नेलं असणार, दुसरं काय!

डोंगर त्यांना शिकवला गोमा ठाकरानं. नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मामा एकटे वर गेले, वाट चुकले, आणि लाकडं तोडायला आलेल्या गोमानं त्यांना हाताला धरून वाडीत आणलं. तेव्हापासून दोघांची जी गट्टी जमली ती जमलीच. मामा वाडीत शिरताना लांबूनच "जयभीम, गोमा!" म्हणून ओरडायचे आणि गोमा आतून "ये रं बाबा, चा टाकलाय" म्हणायचा. चहा पिऊन झाल्याशिवाय आणि कितीजण वर चाललेत हे गोमाला सांगितल्याशिवाय मामांचं पाऊल उचलायचं नाही.

या सगळ्यात मामी कधी डोंगरावर गेल्या नव्हत्या. मामा मात्र घरी येऊन रसभरीत सांगायचे, "वरून आपलं घर दिसतं बघ. काड्यापेटीएवढं." वर्षानुवर्षं हे ऐकल्यावर मामा रिटायर झाले त्या थंडीत मामी म्हणाल्या, "आता मला ते घर वरून बघायचंय. मग मेले तरी चालेल." निघायच्या दिवशी पहाटे त्या आपली लाल साडी गच्चीवर पसरून आल्या, घर चटकन ओळखू यावं म्हणून! पायात मामांचे कॅनव्हासचे बूट, पदर कमरेला खोचलेला. वाडीत मामांनी त्यांनाही ओळीत उभं केलं. "रात्री नीट झोपलीस?"

"पस्तीस वर्षं कानाशी घोरताय, झोपू कधी?"

मी आधीच पास होऊन बाजूला उभा होतो. मामा म्हणाले, "पास." गोमा तोंड फिरवून हसला आणि आमच्याबरोबर निघाला.

मामी चढल्याही झकास. पण माथा वीस मिनिटांवर राहिला असताना सुट्या दगडावरून त्यांचा पाय घसरला आणि बघता बघता गुडघा टम्म सुजला. "काही होत नाही, चला," त्या म्हणत होत्या. मी म्हणालो, "मी आणि गोमा दोन्हीकडून धरतो, मामा." मामांनी दोन बोटांनी गुडघा दाबून बघितला, मग वर माथ्याकडे बघितलं, मग पुन्हा गुडघ्याकडे. "वर जाईल रे ती," अखेर म्हणाले, "उतरेल कशी?" रिजेक्ट हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. मामींकडे वळून ते एवढंच बोलले, "चल, घरी जाऊ."

बाजारात बायकोच्या दहा पावलं पुढं चालणारा हा माणूस त्या दिवशी तिच्या एक पायरी खाली राहून, तिचा एकेक पाय आपल्या हातांनी दगडावर टेकवत उतरला. चार तास लागले. संध्याकाळी घरी पट्टी बांधताना मामा म्हणाले, "वर जाऊनही काही उपयोग नव्हता. अलीकडेच एका कंपनीची नवी चिमणी झालीय, आपलं घर तिच्याआड गेलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो."

मामींचा गुडघा पुढं कधी धड झाला नाही. मामा माणसं नेत राहिले. पण त्या घसरल्या होत्या तिथवरच. तिथं बसकण मारायचे आणि पुढची वीस मिनिटं गोमा न्यायचा. अशाच एका खेपेला मी पुन्हा पास झालो आणि एकदाचा माथ्यावर गेलो. हवा लख्ख होती. चिमणीबिमणी कुठली! त्यांची दुमजली इमारत, गच्ची, पाण्याची टाकी, सगळं समोर. खाली आलो तेव्हा मामांनी नजर न उचलता विचारलं, "दिसलं?"

"दिसलं."

"घरी बोलू नकोस."

आठवड्यानं त्यांच्याकडे गेलो, तर मामींनी पाण्याचा तांब्या पुढं करता करता विचारलंच, "तू वर जाऊन आलास ना रे? खरंच नाही का दिसत आपलं घर?" मामा कोपऱ्यात शेंगा सोलत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"नाही मामी," मी म्हणालो, "मध्ये चिमणी येते."

"मग बरं झालं बाई," मामी म्हणाल्या, "नाहीतर जिवाला उगाच लागून राहिलं असतं."