बेडूक कुणाचा

युसूफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी काष्टीच्या बाजारात कांद्याच्या बियाण्याचा भाव करत उभा होतो. त्यांचा मुलगा इम्रान म्हणाला, "काका, अब्बा गेले." आणि मी वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" ... पलीकडे तो रडायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

नगरमध्ये आमची दुकानं शेजारी. माझं बियाण्याचं, त्यांचं चष्म्याचं. भिंत एक, चहा एक, तरी या माणसाचा थांग मला शेवटपर्यंत लागला नाही. दुकानामागेच त्यांचं घर, तिथल्या एका खोलीत त्यांनी एक टेबल मांडलं होतं आणि त्यावर जुन्या चिनी मातीच्या वस्तू. ताटं-वाट्या नव्हेत, चीनमधल्या पंडितांच्या लिहायच्या टेबलावर असायच्या तसल्या. कुंचला टेकवायला पाच शिखरांचा निळा डोंगर, कुंचला धुवायला कमळाच्या पानासारखं भांडं, शिक्क्याच्या लाल शाईची डबी. झिलई अशी की बोट लावलं तर ओलं होईल असं वाटावं. आणि हा गृहस्थ स्वतः लिहायचा काय, तर चष्म्याचे नंबर, तेही फुकटात मिळालेल्या बॉलपेनने! "अहो, मग लिहा की काहीतरी," मी चिडवायचो. "शेठ, टेबल लागलं की लिहिणारा येईल," म्हणायचे. कोण येणार होतं, देव जाणे.

चिनी माती दिसली की तिचं बूड बघायची त्यांना खोड. बुडाला झिलई नसते, तिथली उघडी माती बघून वस्तू किती जुनी ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी चहाचा भरलेला कप उलटून बघितला आणि व्याह्यांच्या धोतरावर चहा सांडला. वर मला सांगतात, "कालचाच आहे हो कप." मी हसावं की व्याह्यांचे पाय धरावेत, मला सुचेना.

त्या टेबलावरची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे एक बेडूक. लिंबाएवढा, शेवाळी हिरवा. पाठीवर एक भोक, तोंडात एक. आत पाणी भरायचं, पाठीवरचं भोक बोटाने दाबायचं. बोट उचललं की तोंडातून थेंब पडतो, त्यावर शाईची कांडी उगाळायची. हा बेडूक त्यांना खर्डा गावात सापडला. तिथले त्यांचे गिऱ्हाईक भागवतअण्णा, त्यांच्या आईचा चष्मा द्यायला ते गेले होते, तर त्या घरात या बेडकाने पोरांच्या कानात तेल सोडत होते! अण्णांच्या मागे लागून त्यांनी तो विकत आणला आणि कितीतरी दिवस कोमट पाण्यात ठेवून त्याचं तेल काढलं.

एका दुपारी युसूफभाईंनी तो माझ्या तळहातावर ठेवला. "शेठ, माझ्यामागं हा तुमचा. कुणाला बोलू नका." मी बोललो नाही. पण खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. गावभर ओळखी असलेला हा माणूस मला सगळ्यांत जवळचा मानतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी मी मागच्या खोलीत डोकवायचो, माझा बेडूक ठीक आहे ना म्हणून. मग चहा व्हायचा.

युसूफभाईंच्या चाळिसाव्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांच्या बायकोने, भाभींनी, आम्हाला मागच्या खोलीत बसवलं. मी, खर्ड्याचे भागवतअण्णा, आणि कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या, नेहमी येणाऱ्या मॅडम. भाभी म्हणाल्या, "तुमाला आठवन म्हनून काय पाहिजे ते घ्या." मी संकोचत बेडकाकडे हात केला. मॅडम हळूच म्हणाल्या, "पण... भाई मला म्हणाले होते, 'मॅडम, माझ्यामागं हा तुमचा.'" अण्णा ताठ बसले. "व्हय? मला तर म्हनले हुते, अण्णा, तुमच्या घरचं जित्राब हाय, माझ्यामागं तुमच्याच घरी यील."

मला आधी राग आला, मग रडू. विसरले होते? थापा मारत होते? कुणाला नाही म्हणायचं जिवावर यायचं? की दर वेळी त्या क्षणी अगदी मनापासून म्हणायचे? मेलेल्या माणसाला जाब विचारायची सोय नाही. आणि मी त्यांचा कोण होतो, हे दुसऱ्या कुणाला विचारू?

भाभींनी आमच्याकडे पाळीपाळीने बघितलं. "मला त्यांनी कुनाचंच नाव सांगितलं न्हाई. कुनीबी न्या. पन ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी जाईल... मंग बाकीचे दोघं हितं कशाला येतील?"

कुणीच हात पुढे केला नाही. बेडूक तिथेच राहिला.

आता आम्ही तिघंही जातो. अण्णा नगरला काम काढून येतात, मॅडम कॉलेज सुटल्यावर. परवा मी गेलो तेव्हा मॅडम निघतच होत्या. भाभींनी त्यांना दारापर्यंत सोडलं, मग माझ्यासाठी चहा टाकला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मी उठलो तशा त्या मलाही सोडायला दारापर्यंत आल्या, इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाल्या, "शेठ, कुनाला बोलू नका. पन माझ्या मनात तो तुमचाच हाय."

पार माझ्या घराच्या जिन्यापर्यंत मी खुशीत होतो. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मनात आलं... मॅडमना सोडायला गेल्या तेव्हा भाभी दारात बराच वेळ थांबल्या होत्या.