सुगंधाबाईंची नक्कल

उमरोळीतल्या दोन खोल्यांच्या घरात सुगंधाबाई लग्न होऊन आल्यापासून नांदत होत्या, आणि एका सकाळी त्याच घरात त्यांच्या यजमानांनी त्यांना अतिशय सभ्यपणे विचारले, “बाई, आपण कोण? आणि आमच्या मंडळींची साडी तुम्ही का नेसलात?”

यजमान शिवाजीराव मूळचे कराडकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात दाब आणि तापमान मोजणाऱ्या उपकरणांची देखभाल ते करीत. काटा दाखवतो त्यावर सहजी विश्वास ठेवायचा नाही, हाच त्यांच्या विद्येचा पाया. बाजारातून आलेला सुटा भाग तळहातावर तोलून ते एकच शब्द उच्चारत, “डुप्लिकेट”, आणि तो परत जाई. दुचाकीवरून पडून त्यांच्या डोक्याला मार बसला. जखम भरली, वाचा शाबूत राहिली, मुलगा रूपेश ओळखू आला, दारावर भाजी घेऊन येणारी ठमीसुद्धा नावानिशी आठवली. परक्या झाल्या त्या एकट्या सुगंधाबाई.

“बाय, माला वळखतो तो, तुलाच कसा वळखत नाय?” ठमी टोपली उतरवीत म्हणाली. “माजा लुगडा नेसून बग एकदा!”

सुगंधाबाई हसल्या, आणि भाजी आत ठेवायला म्हणून गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पालघरला मेंदूच्या विकारांच्या डॉक्टर हेमांगी यांनी त्यांना शांतपणे समजावले. “ताई, मेंदू म्हणजे कॉम्प्युटर समजा. चेहरा ओळखणारा भाग चालू आहे. पण आपलं माणूस दिसल्यावर जी ओढ वाटते, तिकडे जाणारी तार तुटली आहे. म्हणून त्यांना चेहरा तुमचा वाटतो, माणूस मात्र दुसरं.”

“मग तार जोडा.”

“तशी ती जोडता येत नाही. कदाचित हळूहळू फरक पडेल.”

सुगंधाबाई पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळीत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी एका तारेच्या जिवावर नांदत होते?”

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या.

रूपेशला मात्र ती उपमा मनापासून पटली. पालघरात मोबाइल दुरुस्त करणारा तो तरुण. यंत्रात माहिती चुकली तर बरोबर माहिती भरायची, हे त्याला उघड दिसत होते. त्याने आधारकार्ड काढले, लग्नाचे फोटो मांडले, आईला सही करायला लावली. शिवाजीरावांनी चष्मा लावून एकेक वस्तू निरखली.

“सगळं जुळतंय,” ते म्हणाले.

“मग झालं की, बाबा!”

“अरे खुळ्या, डुप्लिकेट मालावर होलोग्राम जास्त चकचकीत असतो. खऱ्या बायकोला कधी एवढे पुरावे घेऊन यावं लागतं का?”

ही गोष्ट सांगताना या उत्तराने मला अजून अस्वस्थ वाटते. यंत्रात दोन प्रतिमा जुळल्या की ओळख पटली, काम संपले. इथे सारे जुळूनही ‘हीच ती’ हा उद्गार काही उमटेना. आपल्या शास्त्रकारांनी त्या उद्गाराला प्रत्यभिज्ञा असे पूज्य नाव दिले आहे. पण नाव जुने आहे म्हणून आपल्याला मर्म कळले, असाही भ्रम नको. अंतःकरण म्हणजे तरी काय? आतले साधन! पूर्वजांनीही मनाला हत्याराचीच उपमा दिली, आणि आपण आपल्या काळातले हत्यार घेतले एवढेच. तारेची गोष्ट खोटी असेल असे नाही. ती पुरी आहे, याविषयी मात्र मला दाट संशय आहे. कारण तुटलेली तार गप्प बसते, ती कुणावर आरोप करीत नाही.

शिवाजीरावांचा आरोप दिवसेंदिवस धारदार होत गेला. कपाटाची किल्ली ते उशाखाली ठेवू लागले. अखेर ते रूपेशला म्हणाले, “रविवारपर्यंत या बाई गेल्या नाहीत तर मी पोलिसांत जाईन. माझ्या बायकोचं यांनी काय केलंय, ते तेच शोधतील.”

“आई, थोडे दिवस मामाकडे कराडला जा,” रूपेश हळूच म्हणाला.

“आज गेले तर मी कायमची गेले रे. परत येईल तीही त्यांना नवी बाईच वाटेल.”

शनिवारी त्या औषधे आणायला पालघरला गेल्या. दुकानदाराने विचारले, गोळी कोणत्या ताकदीची? कागद घरी राहिला होता. रूपेश फोन उचलेना, म्हणून भीतभीतच त्यांनी यजमानांना फोन लावला.

“सुगंधा! अगं, आहेस कुठे तू?”

ते ‘तू’ ऐकताच त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. अपघातापासून घरात फक्त ‘बाई’ आणि ‘तुम्ही’ होते. नुसत्या आवाजावरून, चेहरा समोर नसताना, त्यांना ओळखले गेले होते.

“इथे एक बाई घुसलीय,” पलीकडून दबका स्वर आला. “हुबेहूब तू. रूपेशसुद्धा फसलाय.”

‘अहो, ती मीच’ हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते. पण मग हा आवाजही डुप्लिकेट ठरला तर? उरलेली एवढीच ओळख पणाला लावायची त्यांची छाती झाली नाही.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “मीच ठेवलंय तिला. मला यायला वेळ लागेल. तोवर तुमच्याकडे बघायला कोणी नको का?”

“भरवशाची आहे?”

“माझ्याइतकीच. तिला घालवू नका.”

“तू म्हणतेस म्हणून. पण पोळ्या तुझ्यासारख्या नाही करत हं.”

“शिकेल,” सुगंधाबाई म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी गोळ्यांची ताकद विचारून घेतली.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी स्वतःच्या दारावर टकटक केली. शिवाजीरावांनी दार उघडले, आणि या वेळी ते बाजूला सरकले.

“या. सुगंधाचा फोन आला होता.” त्यांची नजर खाली गेली. “चपला तेवढ्या त्या बाजूला काढा. इथे तिच्या असतात.”

सुगंधाबाईंनी चपला काढल्या, आणि हातभर दूर, भिंतीला लावून ठेवल्या.