पंचशीलाबाईंनी निवडलेली शेकोटी

पंचशीला सिस्टरना रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी जळक्या केसांचा वास त्यांच्या नाकातून गेला नव्हता. भोकरजवळच्या खेड्यातून त्या नर्सिंग शिकायला नांदेडला आल्या आणि पुढं सव्वीस वर्षं एका सरकारी दवाखान्याच्या जळीत वॉर्डात राहिल्या. बायका यायच्या, स्टोव्ह भडकला म्हणायच्या, आणि म्हणताना सासूकडं बघायच्या. फटाक्यानं भाजलेली लेकरं यायची. बदलीचा अर्ज त्यांनी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा फाडून टाकला.

वॉर्डात त्यांना भीती वाटली नाही. तिथं हात कामात असायचे. भीती घरी आल्यावर यायची. चहा ठेवतानासुद्धा पदर दोनदा खोचलेला असायचा. कुणी आगीजवळ बसलं, की त्यांच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू व्हायचे. एक हात भाजला म्हणजे अंगाचे नऊ टक्के. छाती आणि पोट अठरा. लेकाला हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. माय जरा जास्तच काळजी करते, एवढंच त्याला वाटायचं.

लेक संघपाल वीज कंपनीत होता. विष्णुपुरीकडं त्यानं नवीन घर बांधलं, मागं फरशीचं मोठं अंगण ठेवलं. डिसेंबरात गारठा वाढला तसा तो मोबाईल घेऊन आईजवळ आला.

"माय, हे बघ. अंगणाच्या मधी शेकोटीचा खड्डा करायचा, भवती बसायला कट्टा. लई भारी दिसतंय."

पंचशीलाबाईंनी मोबाईल बाजूला सारला. पण नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार.

"खड्डा नको," त्या म्हणाल्या. "सकाळी राख गार दिसती, खाली निखारा तसाच ऱ्हातो. लुंबिनी अनवाणी पळती."

लुंबिनी त्यांची सात वर्षांची नात. तिचं नाव निघाल्यावर संघपालनं खड्ड्याचा विचार सोडला.

मग सून पुनमनं ऑनलाइन एक काचेचं भांडं शोधलं. स्पिरिटवर पेटणारं, ना धूर ना राख.

"ते तर दारातबी आणू नका!" पंचशीलाबाई एवढ्या जोरात बोलल्या की पुनम दचकली. "उजेडात त्याचा जाळ दिसत न्हाई. इझलं समजून माणूस वरून वततंय, आन् हातातली बाटलीच पेटती."

"तुम्हाला कसं माहीत, आई?"

"ऐकलंय कुठंतरी."

ऐकलं नव्हतं. वॉर्डात आलेला तो पोरगा बावीस वर्षांचा होता, नऊ दिवस जगला होता.

तिसरी होती व्यंकटी वेल्डरच्या दुकानातली तीन पायांची लोखंडी कढई. ती बघायला त्या स्वतः गेल्या. पाय धरून हलवला, तर कढई कलंडायला लागली. "नको," म्हणून त्या सरळ गाडीत येऊन बसल्या.

आता मात्र संघपाल वैतागला. "मग तूच सांग माय, काय पाहिजे? तू म्हणशील तेच करू."

दोन दिवस विचार करून त्यांनी सांगितलं, नदीतले गोटे. दगड जळत नाही, कलंडत नाही, भडकत नाही. रविवारी सकाळी विष्णुपुरी धरणाच्या खालच्या अंगाला जाऊन त्यांनी पाण्याच्या कडेचे काळे गुळगुळीत गोटे एकेक करून निवडले. डिकीत ठेवताना त्यातून पाणी गळत होतं. आग कशी असावी हे आयुष्यात पहिल्यांदा आपण ठरवलं, असं त्यांना परतीच्या वाटेवर वाटून गेलं.

दिवस मावळताना संघपालनं गोट्यांचं कडं मांडून मधी लाकडं पेटवली. लुंबिनी टाळ्या वाजवायला लागली. पुनमच्या गळ्यात नायलॉनची ओढणी होती. ती काढून ठेव, असं पंचशीलाबाईंच्या अगदी ओठावर आलं. पण सारखं नको नको म्हणून त्यांचीच त्यांना लाज वाटायला लागली होती.

थोड्या वेळानं कुठूनतरी बारीक सूं आवाज यायला लागला.

"संघा, कशाचा आवाज हाय?"

"लाकूड ओलं असंल, माय."

लाकूड कोरडं होतं. त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्यांनी लुंबिनीचा दंड धरून तिला मागं ओढलं आणि त्याच क्षणी बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. दगडाची कपची लुंबिनीच्या डोक्यावरून जाऊन खिडकीच्या काचेवर आदळली. लगेच दुसरा गोटा फुटला. निखारे अंगणभर उडाले आणि पुनमच्या ओढणीनं पेट घेतला.

पुनम पळत सुटली. सगळेच पळतात.

पंचशीलाबाई जागच्या हलल्या नाहीत. डोक्यात नुसते आकडे फिरत होते. नऊ. अठरा. सत्तावीस. मग पुनमची किंकाळी कानात शिरली आणि घशातून वॉर्डातला आवाज आपसूक बाहेर पडला.

"पुनम! पळू नको! खाली पड, लोळ!"

बसायला अंथरलेली सतरंजी ओढून त्यांनी तिच्यावर टाकली आणि स्वतः तिच्या अंगावर पडल्या. जाळ विझला. तिला उठवून नळाखाली बसवलं.

"बांगड्या काढ आधी, सूज यायच्या आत."

संघपाल टूथपेस्ट घेऊन धावत आला. "हे लावू?"

"काहीच लावायचं न्हाई. पाणी चालू ठेव. घड्याळ बघ, वीस मिनटं."

त्यांनी पुनमचा हात उजेडात धरला, मान बघितली, छाती बघितली. "तीन टक्के," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

"काय तीन टक्के, माय?"

नळ वाहत होता, पुनम हुंदके देत होती, आणि लेकाला कधी न सांगितलेलं सगळं त्यांनी तिथंच सांगितलं. स्टोव्हवाल्या बायका, तो नऊ दिवस जगलेला पोरगा, डोक्यातले आकडे. "आन् गोटे म्या निवडले," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. पुनमनं भिजल्या हातानंच त्यांचा हात धरला. मग चौघं दवाखान्यात गेली. लुंबिनी आजीच्या मांडीवर होती.

आठवड्यानं पंचशीलाबाई एकट्याच व्यंकटीकडं गेल्या. घडलेलं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"नदीतले गोटे? त्यायच्या पोटात पाणी ऱ्हातंय, सिस्टर. तापलं की वाफ होती, वाफंला भायेर पडाया जागा न्हाई. मंग फुटतंच की."

"मला कुणी सांगितलंच न्हाई."

"तुम्ही इचारलं कुठं? कढई हलवली आन् गेल्या."

त्याच कढईला त्यांनी चौथा पाय लावायला सांगितला. पाय बाहेर फाकलेले, खाली जाड पट्ट्या, वर निखारे उडू न देणारी जाळी. व्यंकटी कुरकुरत करत गेला. चारही पाय हलवून बघितल्याशिवाय त्यांनी कढई उचलू दिली नाही.

जानेवारीत ती पेटली. पुनमच्या दंडावर तोवर काळपट डाग तेवढा उरला होता. ती सुती दुपट्टा मागं गाठ मारून बसायची. पहिल्या दोन संध्याकाळी पंचशीलाबाई घरात दार लावून बसल्या. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन बाहेर आल्या. सात-आठ पावलांवर ठेवली आणि कढईकडं पाठ करून बसल्या.

"आजी, तोंड हिकडं कर की," लुंबिनी म्हणाली.

"असंच बरंय, बाळा. पाठ दुखून राहिली."

पाठीला ऊब लागत होती. मागं एखादं लाकूड तडकलं की त्यांचे खांदे वर जायचे, मग हळूहळू खाली यायचे. अंधार पडेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.